गाडी सेल्फ घेईना!
डिझेल पिकअपच्या बॅटरीची निगा : थोडा अनुभव, थोडं शास्त्र

पहाटेचे तीन वाजले होते. जानेवारीची थंडी. वळसंगला आमच्या घरासमोर पिकअप उभी होती आणि तिच्या हौद्यात कांद्याच्या तीस पिशव्या होत्या. दहा आमच्या, बाकीच्या वीस शेजारच्या काकांच्या. सोलापूरचं मार्केट यार्ड तसं काही लांब नाही. पण कांद्याच्या सीझनला आवक एवढी असते, की गाडी लवकर पोचली तरच माल वेळेत उतरतो. अण्णांनी चावी फिरवली. घर्र... एवढाच आवाज. दुसऱ्यांदा फिरवली तर नुसतं टक. मग टक-टक-टक, आणि डॅशबोर्डवरचे दिवे एकदम मंद झाले.

मी सेमिस्टरच्या सुट्टीला घरी आले होते. शाली गुंडाळून आजी, काका, काकू सगळे बाहेर आले. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू मेकॅनिकलची ना गं? बघ की काय झालंय." खरं सांगते, डिझेल सायकलची एफिशियन्सी मी झोपेतसुद्धा डिराइव्ह करून दाखवली असती. पण बॉनेट उघडून नेमकं काय बघायचं, हे मला माहीत नव्हतं.

दीड टन माल भरलेली गाडी सपाट गल्लीत चार माणसांनी ढकलून पळत नाही. शेवटी उजाडल्यावर दुसऱ्याची गाडी आणली, सगळ्या पिशव्या इकडून तिकडे टाकल्या आणि यार्डात पोचेपर्यंत त्या दिवसाचा लिलाव हुकला. दुसऱ्या दिवशी भाव उतरला होता. शेजारचे काका तोंडावर काही बोलले नाहीत. फक्त पुढच्या खेपेला त्यांनी दुसरी पिकअप सांगितली. आमच्या गाडीचा हप्ता भाड्यावर चालतो. त्यामुळे त्यांचं ते काही न बोलणंच आम्हाला जास्त लागलं.

आणि गंमत अशी, की ती बॅटरी फक्त चार महिन्यांची होती! तिच्या आधीची जेमतेम वर्षभर टिकली होती. "डिझेल गाडी आहे, मोठी बॅटरी टाका," असा सल्ला मिळाला म्हणून अण्णांनी या वेळी मोठी घेतली होती. दोन्ही मिळून तेरा-चौदा हजार रुपये गेले. मग चूक कुठे होती?

या प्रश्नाच्या मागे लागून मी जे शिकले ते या लेखात सांगते आहे. तुम्ही म्हणाल, आम्हा होस्टेलवाल्यांना पिकअपशी काय करायचंय? तर मेसची भाजी पिकअपमधूनच येते. परीक्षेच्या रात्री लाइट गेल्यावर जो जनरेटर सुरू व्हावा अशी आपण सगळे प्रार्थना करतो, तोही डिझेलचाच आणि बॅटरीवरच स्टार्ट होणारा. कॉलेजची बस तशीच. आणि सुट्टीत घरी गेल्यावर तुमच्याही घरी कुणीतरी म्हणणारच, "तू इंजिनिअर ना?" माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आहे, तेव्हा भाषेच्या चुका सांभाळून घ्या. बॅटरीच्या चुका मात्र सांभाळून घेऊ नका!

डिझेलला एवढा जोर का लागतो?

पेट्रोल इंजिनमध्ये ठिणगी पडते आणि इंधन पेटतं. डिझेलमध्ये ठिणगी नाही. तिथे हवाच इतकी दाबायची, की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो. म्हणून पेट्रोल इंजिनचा कॉम्प्रेशन रेशो साधारण ९ ते ११, तर डिझेलचा १६ ते २२ असतो. एवढी हवा दाबायची म्हणजे सेल्फला, म्हणजे स्टार्टर मोटरला, चांगलाच जोर लावावा लागतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. डिझेल इंजिन नुसतं फिरून चालत नाही, ते पुरेशा वेगाने फिरावं लागतं. हळू फिरलं तर दाबलेली हवा पिस्टन रिंगांच्या फटीतून निसटते, तिची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती खाऊन टाकतात आणि डिझेल पेटायला लागणारं तापमानच तयार होत नाही. म्हणजे बॅटरी थोडी कमजोर असेल तर गाडी थोडी उशिरा चालू होते असं नाही, ती चालूच होत नाही. काही इंजिनांना थंडीत हीटर प्लग लागतात. तेही बॅटरीतूनच करंट ओढतात, आणि तेही सेल्फ मारायच्या आधी.

आता आकडे बघू. पिकअपचा सेल्फ साधारण दोन किलोवॅटचा धरू. होस्टेलच्या रूममध्ये आपण वॉर्डनच्या नकळत पाणी तापवायची कॉइल लावतो ना? (स्टाफने हे वाक्य वाचू नये.) एक किलोवॅटच्या अशा दोन कॉइल एकदम लावल्या, तर २३० व्होल्टवर मिळून जेमतेम नऊ अँपिअर करंट जातो. तेवढीच पॉवर १० व्होल्टवर घ्यायची तर लागतात २०० अँपिअर!

आणि करंट २०० अँपिअर असला की बारीकसा रोधसुद्धा मोठा होतो. ओहमचा नियम आपण बारावीत पाठ केलाय. समजा एखाद्या गंजलेल्या जोडात ०.०१ ओहम रोध आहे. साध्या मल्टिमीटरला तो दिसणारही नाही. पण २०० गुणिले ०.०१ म्हणजे २ व्होल्ट! बारा व्होल्टच्या घरातले दोन व्होल्ट वाटेतच चोरीला गेले. हेडलाइटला पाच-दहा अँपिअर लागतात, त्यामुळे तो त्याच जोडातून झकास पेटतो आणि आपण म्हणतो, "लाइट तर लागतोय, मग वायरिंग बरोबर आहे." आमचंही असंच झालं होतं. पण त्याची गोष्ट पुढे.

मोठ्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट करतात. अमेरिकेतल्या मोठ्या डिझेल पिकअपला दोन बॅटऱ्या असतात, पण पॅरलल. व्होल्टेज १२च राहतं, करंट द्यायची ताकद दुप्पट होते. तिथे जोडीतली एक बॅटरी बिघडली की ती दुसरीलाही खाली ओढते, म्हणून दोन्ही एकदम बदलतात. आपल्या पिकअपला आणि छोट्या हत्तीला मात्र एकटी १२ व्होल्टची बॅटरी सगळं करते. म्हणून तिच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

डब्याच्या आत काय असतं?

शिशाची ही बॅटरी फ्रान्सच्या गॅस्टन प्लांटे यांनी १८५९ साली बनवली. मोटारीला इलेक्ट्रिक सेल्फ लागला तो १९१२ साली, अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला. म्हणजे तत्त्व दीडशे वर्षांपेक्षा जुनं आहे आणि आजही बदललेलं नाही. डब्यात सहा खोल्या, प्रत्येकीत सुमारे २.१ व्होल्ट, एकूण १२.६. प्रत्येक खोलीत पॉझिटिव्ह प्लेटवर लेड डायॉक्साइड, निगेटिव्हवर सच्छिद्र शिसं आणि दोन्ही बुडालेल्या असतात पाणी मिसळलेल्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये.

करंट बाहेर जाताना ॲसिडमधला सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतो आणि ॲसिड पातळ होतं. चार्ज करताना तो सल्फेट परत ॲसिडमध्ये येतो. म्हणूनच ॲसिडची घनता मोजली की बॅटरी किती भरलेली आहे ते कळतं. मेकॅनिक लोक "ग्रॅव्हिटी बाराशे पन्नास आहे" म्हणतात ते हेच, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.२५०. पूर्ण चार्जला हा आकडा कंपनीप्रमाणे १.२४ ते १.२८ असतो. गरम प्रदेशासाठी तो मुद्दाम थोडा कमी ठेवतात. सहापैकी एकाच खोलीचा आकडा बाकीच्यांपेक्षा खूप खाली असेल, तर ती खोली गेली असं समजायचं.

बॅटरी बरेच दिवस अर्धवट उतरलेली ठेवली तर प्लेटांवरचा सल्फेट कडक खड्यांसारखा बनतो आणि नंतर चार्जिंगला दाद देत नाही. याला सल्फेशन म्हणतात. लोक समजतात बॅटरी वापरून संपते. पण बऱ्याच बॅटऱ्या उपाशी राहून मरतात.

सोलापूरचं ऊन

पुस्तकांत वाचलं तर थंडी ही बॅटरीची शत्रू. ती पुस्तकं थंड देशांत लिहिलेली असतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३च्या घरात जातो. पत्र्याच्या बॉनेटखाली इंजिनशेजारी त्याहून कितीतरी जास्त. रासायनिक क्रियेचा ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. बॅटरीच्या बाबतीत याचा अर्थ आतल्या जाळ्या लवकर गंजतात, पाणी लवकर उडतं, आणि उभी ठेवलेली बॅटरीसुद्धा आपोआप लवकर उतरते.

यातली फसवी गोष्ट म्हणजे उन्हाळ्यात हे कळत नाही. इंजिन गरम, तेल पातळ, थोडीशी ताकदही पुरते. मग डिसेंबर-जानेवारीत तेल घट्ट होतं, बॅटरीची क्रिया मंदावते, आणि मे महिन्यात खाल्लेला मार तेव्हा बाहेर येतो. म्हणून बॅटरीची तपासणी दोनदा करावी, एकदा होळीच्या सुमाराला आणि एकदा दिवाळीनंतर. आणि गाडी लिंबाच्या सावलीत लावायला पैसे पडत नाहीत.

पाणी कोणतं आणि किती?

चार्जिंग होताना थोड्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघून जातात. पाणी जातं, ॲसिड मागे राहतं. म्हणून भरायचं ते फक्त डिस्टिल्ड पाणी. ॲसिड कधीही टाकायचं नाही, सांडलं असेल तेवढा अपवाद.

आमच्याकडे बोअरचं पाणी जड. घागरीच्या आत पांढरा थर बसतो. तो थर बॅटरीच्या प्लेटांवर बसला तर काय होईल, विचार करा. त्या पाण्यातले क्षार आणि लोह आतल्या आत बॅटरी उतरवतात. "घरात फिल्टर आहे की," असं म्हणूनही चालत नाही, कारण पिण्याच्या फिल्टर पाण्यातही थोडे क्षार असतातच. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन पेट्रोल पंपावर, बॅटरीच्या दुकानात कुठेही मिळतो आणि एका वडापावच्या जवळपासच्या किमतीत काम होतं.

प्लेट कधीही उघडी पडू द्यायची नाही, पण पाणी काठोकाठही भरायचं नाही. चार्ज होताना ॲसिड फुगतं आणि वरून सांडतं. खूण असेल तिथपर्यंत, नसेल तर प्लेटांच्या वर बोटाच्या एका पेराहून थोडं कमी. प्लेट बुडालेल्या असतील तर पाणी चार्जिंगनंतर टाकावं. उघड्या पडल्या असतील तर आधी बुडतील एवढं टाकून मग चार्ज करावं. ज्या बॅटरीवर मेंटेनन्स-फ्री लिहिलेलं असतं तिला पाणी लागत नाही किंवा फार कमी लागतं. पण तिची टर्मिनल्स, पट्टा आणि चार्जिंग आपल्यालाच बघावं लागतं.

टर्मिनलवरची भुकटी आणि सैल पट्टा

टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचते. ती सल्फेटची. ती काढायला घरातला खायचा सोडा पुरतो. कोमट पाण्यात दोन चमचे सोडा, जुना टूथब्रश, बॅटरीची झाकणं घट्ट बंद, आणि चोळायचं. फसफसून ॲसिड मरतं. मग साध्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं, क्लिप आतून पॉलिश पेपरने चकचकीत करायची, घट्ट बसवायची आणि त्यानंतर वरून व्हॅसलिन लावायचं. आधी व्हॅसलिन आणि मग क्लिप, असं नाही.

काढताना निगेटिव्ह आधी आणि लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण सोपं आहे. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह लागलेलं असताना पॉझिटिव्हचा नट खोलायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर सरळ शॉर्ट. पाना लालभडक होतो, हाताला अंगठी असेल तर विचारूच नका. ॲसिड अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, डोळ्यात गेलं तर धूत धूतच दवाखाना गाठायचा. आणि विडी-सिगारेट लांब! हवेत चार टक्के हायड्रोजन झाला तरी तो पेट घेऊ शकतो.

बॅटरी ज्या पट्ट्याने धरलेली असते तोही बघा. शेतातल्या कच्च्या वाटेवर सैल बॅटरी दिवसभर थडथडते, प्लेटांवरचा लेप झडून तळाला साचतो आणि एक दिवस खोली आतून शॉर्ट होते. बाहेरून बॅटरी नवीकोरी दिसते.

वाट होती, परतीची वाट नव्हती

आता आमच्या गाडीकडे परत येते. त्या सकाळी अण्णा तिसरी बॅटरी आणायला निघाले होते. तेवढ्यात स्टँडजवळचे गाड्यांची वायरिंग करणारे चाचा आले. त्यांनी आधी बॅटरी बघितलीच नाही. गाडीतली जम्परची वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनच्या लोखंडी हुकाला लावलं. म्हणाले, "आता मारा सेल्फ." इंजिन धापा टाकत फिरलं आणि पकडलं!

"बॅटरीचा काय दोष न्हाई अण्णा," ते म्हणाले. "करंट जायला वाट हाय, माघारी यायला वाट न्हाई."

मग त्यांनी खाली वाकून दाखवलं. चासिसपासून इंजिनपर्यंत अर्थची जी जाळीदार पट्टी असते, ती चिखलाने आणि गंजाने खाऊन निम्मी उरली होती. तिच्या बोल्टखाली गंजाचा थर होता. सेल्फ इंजिनवर बसवलेला असतो. त्याचे ते सगळे दोनशे अँपिअर बॅटरीकडे परत याच पट्टीतून जातात.

दुपारी मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला मल्टिमीटर काढला आणि बॅटरी चार्ज करून आणल्यावर, जुनी पट्टी तशीच ठेवून, मोजून बघितलं. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन टोकांत १०.९ व्होल्ट. म्हणजे बॅटरी ठीक. पण बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन यांच्यामध्ये तब्बल २.६ व्होल्ट! तिथे पाव-अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. पॉझिटिव्ह बाजूला ०.३ गेले. सेल्फला मिळाले उरलेले आठ. बॅटरी कितीही मोठी टाकली असती तरी तिचा जोर त्याच गंजातून जाणार होता.

आणि माझ्या डोक्यात खरा प्रकाश पडला तो नंतर. अल्टरनेटरही इंजिनवरच असतो! म्हणजे बॅटरीला चार्ज करणारा करंटसुद्धा याच पट्टीतून फिरतो. हेडलाइट लावून गाडी चालू ठेवली तर अल्टरनेटरवर १४.१ व्होल्ट दिसत होते आणि बॅटरीवर मात्र १३.५. आमच्या सगळ्या फेऱ्या रात्री-पहाटे, लाइट लावून आणि तासाभराच्या आतल्या. म्हणजे बॅटरी रोज थोडी उपाशी राहत होती, प्लेटांवर सल्फेट कडक होत होता. पहिली बॅटरी वर्षभरात का गेली आणि दुसरी चार महिन्यांत त्याच वाटेला का लागली, याचं उत्तर हेच. खराब अर्थने गाडी तर अडवलीच, शिवाय बॅटरीही मारली. नवी पट्टी बसवायला अडीचशे रुपये लागले. मग तोच आकडा २.६ वरून ०.१ वर आला.

चाचांना ओहमचा नियम कुणी शिकवला नव्हता. मला तो शिकवला होता, पण तो गाडीच्या खाली राहतो हे सांगायचं राहिलं होतं.

बदलण्याआधी मोजा

साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. त्याने चार गोष्टी मोजायच्या.

१. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी बॅटरीवर व्होल्टेज बघा. १२.६ किंवा वर असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ म्हणजे जवळजवळ उतरलेली.

२. सेल्फ मारताना बघा. ९.६च्या खाली गेलं तर बॅटरी कमजोर किंवा रिकामी. आधी चार्ज करून पुन्हा मोजा, लगेच बदलू नका. चार्जिंग सावकाश हवं, ८० अँपिअर-अवरच्या बॅटरीला आठ अँपिअर किंवा कमी.

३. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवं. कमी असेल तर बेल्ट सैल, अल्टरनेटर खराब किंवा आमच्यासारखा अर्थचा घोळ. १४.८च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी उकळते आहे.

४. सेल्फ मारताना निगेटिव्ह टोक ते इंजिन, आणि पॉझिटिव्ह टोक ते सेल्फचा बोल्ट, या दोन्ही ठिकाणी किती व्होल्ट वाया जातात ते बघा. ही चौथी तपासणी कुणीच करत नाही. आमचे चौदा हजार तिथेच अडकले होते.

बॅटरी ठीक, चार्जिंग ठीक, तरी सकाळी उतरलेली? मग रात्री कुणीतरी करंट खातंय. टेप, जास्तीचे हॉर्न, हौद्यावरच्या एलईडीच्या माळा, वरातीत लावलेला डीजे, यांच्या वायरी बऱ्याचदा स्विच सोडून थेट बॅटरीला जोडलेल्या असतात. नुसता अर्धा अँपिअर जरी सतत गेला, तरी दिवसाला १२ अँपिअर-अवर होतात. ८० ची बॅटरी साडेतीन दिवसांत निम्मी. सगळं बंद करून निगेटिव्ह वायरच्या मध्ये मीटर दहा अँपिअरच्या रेंजवर लावून बघा. पन्नास मिलिअँपिअरपर्यंत ठीक. आणि मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. माझा उडालाय!

जम्पर लावताना

दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट करायचं झालं तर पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, आणि निगेटिव्हचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीवर नाही, इंजिनच्या लोखंडाला. ठिणगी पडलीच तर ती बॅटरीतल्या हायड्रोजनपासून लांब पडावी म्हणून. ऊस वाहणारा ट्रकवाला मोठ्या मनाने थांबला, तर त्याचे आभार माना, पण त्याच्या २४ व्होल्टला आपली १२ ची गाडी जोडू नका. हल्लीच्या गाड्यांत इंजिन चालवणारा कॉम्प्युटर असतो, तो जळाला तर बॅटरीपेक्षा कितीतरी महाग पडतो. धक्का स्टार्टचंही तसंच आहे. जुन्या इंजिनला धक्का पुरायचा. नव्या कॉमन-रेल इंजिनला फवारा मारण्यासाठीही वीज लागते, त्यामुळे बॅटरी पूर्ण मेली असेल तर कितीही ढकला, उपयोग नाही.

हा नियम जनरेटरलाही लागू आहे. महिनोन्‌महिने नुसता उभा असलेला जनरेटर ऐन वेळी सेल्फ घेत नाही, कारण उभी बॅटरीसुद्धा हळूहळू उतरत असते. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं चालवला आणि महिन्यातून एकदा व्होल्टेज बघितलं, तर परीक्षेच्या रात्री मेणबत्त्या शोधायची वेळ येणार नाही.

जुनी बॅटरी कुठे जाते?

जुनी बॅटरी भंगारात दिली तर दोन पैसे जास्त मिळतात, असा एक मोह असतो. पण रस्त्याकडेला बॅटरी फोडून ॲसिड गटारात ओतणारे आणि शिसं चुलीवर वितळवणारे असतात. शिशाचा धूर आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम करते. शिसं मात्र पुन्हा पुन्हा वापरता येतं, नीट कारखान्यात वितळवलं तर. त्यासाठी आपल्या देशात २००१ साली बॅटऱ्यांचे नियम झाले आणि त्यांच्या जागी २०२२ साली नवे नियम आले. बॅटरी परत गोळा करून तिच्या पुनर्वापराची जबाबदारी आता बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. आपलं काम एवढंच, की जुनी बॅटरी नवी घेताना दुकानातच परत द्यायची आणि बिलात तिची किंमत वळती करून घ्यायची.

महिन्याची दहा मिनिटं

• पाणी बघा. मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी.
• टर्मिनल आणि पट्टा हाताने हलवून बघा. हलता कामा नये.
• अल्टरनेटरचा बेल्ट अंगठ्याने दाबून बघा.
• अर्थची पट्टी खाली वाकून बघा. पावसाळा संपला की एकदा खोलून, घासून परत बसवा.
• सकाळचं आणि चालू इंजिनचं व्होल्टेज मोजून वहीत लिहा.

या शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडं. एका दिवसाचा आकडा फारसं काही सांगत नाही. १२.६, १२.६, १२.५, १२.३ असे आकडे ओळीने दिसले की गाडी बंद पडायच्या आधी महिनाभर आपल्याला कळतं. डॉक्टर तापाचा तक्ता ठेवतात तसंच हे.

अण्णांनी डिझेलच्या हिशोबाच्या वहीतली मागची पानं यासाठी ठेवली आहेत. मीटर मी त्यांच्याकडेच ठेवून आले. लाल वायर कुठे आणि काळी कुठे, हे शिकवायला एक संध्याकाळ गेली. चौथीपर्यंत शिकलेल्या आजीने त्यांच्याआधी शिकून घेतलं, हे मात्र त्यांना सांगू नका. ती चार महिन्यांची बॅटरी सावकाश चार्ज करून परत बसवली, ती अजून चालते आहे. शेजारचे काका अजून परत आलेले नाहीत. गेलेलं भाडं बॅटरीसारखं एका रात्रीत चार्ज होत नाही. पण परवा त्यांची मोटरसायकल स्टार्ट होईना, तेव्हा ते अण्णांकडे मीटर मागायला आले होते.

आता दर रविवारी होस्टेलवर अण्णांचा फोन येतो. "जेवलीस का," "अभ्यास काय म्हणतोय" हे झालं, की थोडं थांबून म्हणतात, "बारा पॉइंट सहा." मी म्हणते, "छान." आणि मग आम्ही फोन ठेवतो.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल